या ना एकदा घरी

१

लिस्बन दाखवणारे गाइड पैशाला पासरी मिळतील. पण इमारतींची उणीदुणी काढत, त्यांना घरच्या माणसांसारखं झापत शहर दाखवावं ते ग्रासिंदानंच. तिशीत तिनं हा धंदा धरला, आता साठी समोर दिसायला लागली, तरी सकाळी पाहुण्यांचा घोळका पुढ्यात आला की तिच्या अंगात वारं शिरायचं.

"हा कार्मोचा मठ. छप्पर शोधू नका, भूकंपात गेलं. अडीचशे वर्षं होऊन गेली, आमचं आपलं 'बघू, पुढच्या वर्षी घालू' चाललंय." मग लोखंडी लिफ्टपाशी: "रांग बघा. शेजारच्या गल्लीतून चालत गेलात तर वाटेत कॉफी पिऊनसुद्धा यांच्याआधी वर पोचाल. पण मग फोटोत काय दाखवाल?" आणि मोठ्या देवळासमोर कमरेवर हात ठेवून: "देऊळ आहे, किल्ला नाही. बांधणाऱ्यांचा देवावर भरवसा होता, शेजाऱ्यांवर नव्हता."

लोक हसत. हसत हसत तंगडतोड करत. आणि शेवटी ती त्यांना फोंतेला महालात नेई, कारण तिथे तिचा लाडका होता.

महालात शिरलं की समोर रुंद दगडी जिना. जिन्याच्या पहिल्या वळणावर, भिंतीत, माणसाएवढा एक माणूस. सगळा टाइल्सचा. पांढऱ्यावर निळा. डोक्यावर कुरळा टोप, अंगात गुडघ्यापर्यंतचा कोट, पायात बकलाचे बूट, एका हातात काढून घेतलेली हॅट, आणि दुसरा हात वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे केलेला. 'या' म्हणणारा. जुन्या सरदारांच्या घरी असे टाइलचे माणूस जिन्यात लावायची पद्धतच होती. पाहुणा आला नि स्वागताला कुणी नाही, अशी नामुष्की नको. ग्रासिंदानं त्याचं नाव सेन्योर कोंव्हीत ठेवलं होतं. कोंव्हीत म्हणजे आमंत्रण.

"आता सगळ्यांनी याला विचारायचं, 'येऊ का?' न विचारता वर गेलेलं त्याला खपत नाही."

मग जर्मन, जपानी, अमेरिकन, ज्याच्या त्याच्या उच्चारात सगळे त्या भिंतीला विचारत, "येऊ का?" आणि परत निघताना ग्रासिंदा मान तिरकी करून म्हणे, "येते हं, सेन्योर कोंव्हीत. तुम्हीही या ना एकदा घरी!"

हे वाक्य लिस्बनमध्ये कुणीही कुणालाही म्हणतं. दाताच्या डॉक्टरला, ट्राममध्ये शेजारी बसलेल्या बाईला, दहा वर्षांनी भेटलेल्या वर्गमित्राला. कुणी जात नाही. कुणी खरंच जाऊन उभं राहिलं तर घरच्यांची पाचावर धारण बसेल. पत्ता दिलेला नसतो, त्यातच सगळं आलं.

त्या दिवशी घोळक्यात पोलंडची एक मास्तरीण होती. गोबरी, हसरी आणि भारी चौकस.

"याचा जोडीदार कुठाय?" तिनं विचारलं. "हा 'या' म्हणतो. मग 'या आता' म्हणून निरोप द्यायला कोण?"

"निरोपाचा माणूस आमच्याकडे कुणी लावलाच नाही," ग्रासिंदा म्हणाली. "आल्या पाहुण्याला सोडतो कोण?"

"आणि निघताना काय विचारायचं?"

"तेच. 'येऊ का?' आत येतानाही तेच, निघतानाही तेच."

"मग यजमानाला कळतं कसं, की हा येतोय की चाललाय?"

"पायांकडे बघायचं, बाई! बूट कुठल्या दिशेला आहेत ते बघायचं."

सगळे हसले. मास्तरीण मात्र सोडायला तयार नव्हती. निघताना ग्रासिंदानं नेहमीचं वाक्य टाकलं, तशी ती म्हणाली, "अहो, नुसतं 'या घरी' काय? बिचाऱ्याला पत्ता तरी द्या. तो येणार कसा?"

समोर हसरी तोंडं, ऊन छान पडलेलं, दिवसाचं काम संपलेलं. ग्रासिंदानं कोपरापासून हात जोडले आणि भिंतीला सगळा पत्ता सांगितला. ग्रासा टेकडी, कारखान्याच्या चिमणीमागची गल्ली, हिरव्या दाराची इमारत, सगळ्यात वरचा मजला, डावीकडचं दार. "बेल बिघडलीये, तेव्हा दार ठोका. मी नसले तर बाबा असतात."

"आता झालं खरं आमंत्रण," मास्तरीण टाळ्या वाजवत म्हणाली.

२

ग्रासिंदा घरी परतली तेव्हा तळमजल्याच्या दोना इदालिना दारात खुर्ची टाकून वाटाणे सोलत होत्या. या बाईंना इमारतीतलं पान हललेलं कळायचं, आणि नाही हललं तरी कळायचं.

"आलीस? तुझ्या बापानं आज मीटरवाल्याला सूप पाजलं," त्या म्हणाल्या. "तो मीटर न बघताच गेला."

"सूप चांगलं होतं का?"

"मला कुठे विचारलं!"

ग्रासिंदा हसत जिना चढू लागली. हा जिना म्हणजे जुन्या लिस्बनमधला चारचौघांसारखा जिना. कमरेपर्यंत टाइल्स, हिरवी-तपकिरी पानं, पुन्हा पानं, पुन्हा पानं. पहिल्या वळणावर तिचा पाय अडला. पानांच्या रांगेत खाली, जमिनीलगत, एक टाइल निळी होती. निळी-पांढरी. तिच्यावर अर्धा बूट होता, आणि बुटाला बकल.

"दोना इदालिना, ही टाइल कुणी बसवली?"

"कुठली?" खालून आवाज आला. "मालकानं बसवली असेल. पडक्या टाइल्स बसवा म्हणून किती वर्षं त्याच्या नावानं शंख करतेय मी."

यात नवल काहीच नव्हतं. ग्रासिंदा स्वतःच पाहुण्यांना सांगायची की लिस्बनच्या भिंती म्हणजे गोधड्या आहेत. टाइल पडली की हाताला लागेल ती ठोकून द्यायची. एका चर्चात तर संताच्या गुडघ्याच्या जागी कोबीचा गड्डा आहे. तेव्हा बूट तर बूट. ती वर गेली.

बाबा दारातच उभे होते. बेलार्मिनो हे त्यांचं नाव. जन्मभर पिवळी ट्राम चालवली, या टेकड्या चढवल्या-उतरवल्या. आता ऐंशी ओलांडली, गुडघे गेले, डोक्यातले काही दिवेही अधूनमधून विझत. नाव विसरत, वार विसरत. पण अदब विसरले नव्हते. दारावर कुणीही आलं तरी त्यांचं पहिलं वाक्य, "या, या. आत या."

"बाबा, मीटरवाल्याला सूप?"

"दमला होता गं पोरगा. तीन मजले चढून आला."

"आणि तो मीटरवाला नसता तर? चोर असता तर?"

"चोराला भूक लागत नाही का?" म्हाताऱ्यानं भोळेपणानं विचारलं, आणि ग्रासिंदाला त्यांचा इतका लाडका राग आला की तिनं त्यांच्या टकलाचा मुका घेतला.

३

दुसऱ्या दिवशी ती पाहुण्यांना घेऊन फोंतेला महालात शिरली. "आता सगळ्यांनी याला विचारायचं," असं म्हणत तिनं हात वर केला आणि तो तसाच राहिला.

सेन्योर कोंव्हीतच्या उजव्या बुटाच्या जागी एक हिरवी-तपकिरी टाइल होती. पानांची.

पाहुण्यांना वाटलं, हा पण एक विनोदच. ते खुशाल "येऊ का?" विचारत वर गेले. ग्रासिंदा मात्र वाकून बघत राहिली. मग महालाचा रखवालदार ओलेगारिओ याला तिनं हाक मारली. हा गृहस्थ खुर्चीत बसून महाल राखायचा, आणि खुर्ची कुणी पळवू नये याचीच त्याला जास्त काळजी असायची.

"सेन्योर ओलेगारिओ, ही टाइल काय प्रकार आहे?"

"ती? ती तशीच आहे."

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून."

"मी तुमच्या आधीपासून येतेय इथे. तशी नव्हती."

"मग मी येण्याच्या थोडं आधी बदलली असेल," ओलेगारिओ शांतपणे म्हणाला आणि जांभई दिली.

तिचं डोकं ठिकाणावर होतं, तिनं हिशेब मांडला. टाइलचोर शहरात थोडे नाहीत. रात्रीत भिंती सोलतात आणि चोरबाजारात विकतात. महालातून बूट चोरीला गेला. तिच्या घरमालकानं तो बाजारात स्वस्तात उचलला. महालवाल्यांनी भोक बुजवायला तिथूनच पानाची टाइल आणली. पानाची टाइल गल्लोगल्ली असते. सगळं जुळत होतं. एवढंच की इतकं छान जुळणारं काही लिस्बनमध्ये एका रात्रीत घडल्याचं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. इथे नळाची गळती थांबवायला माणूस महिन्यानं येतो.

निघताना सवयीनं तिच्या ओठांवर वाक्य आलं. "येते हं, सेन्योर कोंव्हीत. तुम्हीही..." ते तिनं गिळलं.

४

त्या आठवड्यात ग्रासिंदा जिना चढताना भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवी, आणि बघे.

बूट राहिला नाही. पहिल्या वळणावर परत पानंच दिसू लागली. पण पहिल्या मजल्यावर, गुडघ्याच्या उंचीला, निळ्या पोटरीवरचा ताणून बसवलेला मोजा आला. मग त्याच्या वरच्या वळणावर कोटाची कड आणि तीन बटणं. दरवेळी थोडं वर. आणि महालात कोंव्हीतच्या अंगावर पानं वाढत होती. मांडीवर एक, पोटावर दोन. पाहुणे म्हणत, किती गोड, झाडीतून बघतोय जणू.

एकदा तिनं पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला आणि बटणांची टाइल नीट पाहिली. नवी बसवलेली टाइल ओळखू येते. कडेला ताजा चुना असतो, बोट लावलं की पांढरं होतं. हिच्या कडेला वर्षानुवर्षांचा काळा मळ होता. आणि शेजारच्या पानातून आलेली एक केसासारखी बारीक भेग या टाइलमधून सरळ पलीकडच्या पानात गेली होती. तिघीही एकाच भूकंपात तडकल्यासारख्या.

ग्रासिंदानं चष्मा काढला, पुसला, पिशवीत ठेवला. "उजेड बरा नाही या जिन्यात," ती मोठ्यानं म्हणाली. उजेड चांगला होता.

त्याच संध्याकाळी लक्झेंबर्गहून भावाचा फोन आला. एलिझिओ तिकडे इमारती रंगवायचा आणि दर फोनला तोच एक रंग फासायचा.

"बाबांना वृद्धाश्रमात ठेवू या. तू दिवसभर बाहेर. ते कुणालाही दार उघडतात. एक दिवस कुणाच्या तरी मागे निघून जातील, मग बस शोधत."

"बाबा माझ्या घरातून कुठेही जाणार नाहीत," ग्रासिंदा म्हणाली. "आश्रमात नाही नि कुणाच्या मागेही नाही. मी जिवंत आहे तोवर ते इथेच, माझ्या डोळ्यांसमोर. कळलं? आणि तू ये की एकदा घरी!"

"बघू, पुढच्या वर्षी," भाऊ म्हणाला.

फोन ठेवला तेव्हा बाबा दाराला कान लावून उभे होते.

"काय ऐकताय?"

"दुपारी कुणीतरी येतं गं. खालच्या वळणापर्यंत येतं आणि थांबतं. बशीवर बशी ठेवावी तसा आवाज येतो. मी 'या, या' म्हणतो. पण येत नाही. लाजरा दिसतो."

ग्रासिंदा उठली. तिनं दाराला कडी घातली, वरची घातली, आणि त्यांना म्हणाली, "बाबा, कुणी आलं तर आत या म्हणायचं नाही. माझी शपथ."

"मग काय म्हणायचं?" म्हाताऱ्याला खरंच प्रश्न पडला.

५

शुक्रवारी तिनं ठरवलं की ज्या तोंडानं बोलावलं त्याच तोंडानं रद्द करायचं. पाहुण्यांना तिनं कॉफीच्या दुकानात बसवलं, प्रत्येकाच्या पुढ्यात कस्टर्डची पेस्ट्री ठेवली, आणि एकटी महालात गेली.

जिन्याच्या वळणावर आता सगळी पानंच होती. निळं म्हणून उरलं होतं ते तोंड आणि पुढे केलेला हात.

"सेन्योर कोंव्हीत," ग्रासिंदानं घसा साफ केला. "ते त्या दिवशीचं. म्हणजे असं, की घर लहान आहे. वडील थकलेत. जिनाही अवघड. तर..."

येऊ नका, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण घरी बोलावलेल्याला तोंडावर 'येऊ नका' हे तिच्या जिभेला वळेचना. आईनं शिकवलं नव्हतं, आजीनं शिकवलं नव्हतं. लिस्बनमध्ये ते शिकवतच नाहीत. शेवटी तिच्या तोंडून बाहेर पडलं ते असं, "तर सध्या राहू द्या. पुढे बघू. नक्की जमवू."

मागे ओलेगारिओ खुर्ची घेऊन उभा होता. "इतक्या वर्षांत मला नाही बोलावलंत कधी, दोना ग्रासिंदा. भिंतीला बोलावता."

"अहो, या ना एकदा..." ती म्हणाली आणि जीभ चावली.

वळून बघितलं तर कोंव्हीतच्या हाताच्या जागी पान होतं. आणि तोंडाच्या जागी पान.

ती धावत सुटली. वयाची, गुडघ्यांची, कॉफीच्या दुकानात बसलेल्या पाहुण्यांची कसलीच फिकीर न करता टेकडी चढली. वाटेत ट्राम गेली, ट्रामवाल्यानं ओळखून घंटा वाजवली, तिनं बघितलंही नाही. हिरवं दार ढकललं. दोना इदालिना काहीतरी म्हणाल्या. पहिलं वळण, पानं. दुसरं वळण, पानं. वरच्या मजल्यापर्यंत, त्यांच्या दाराच्या चौकटीपर्यंत, हिरवी-तपकिरी पानं आणि पानंच. एकही निळी टाइल नाही.

ग्रासिंदा शेवटच्या पायरीवर मटकन बसली आणि हसू लागली. गेला! सभ्य माणूस. अर्ध्या शब्दात समजला. तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बाबांना आज कॉड मासा करून घालायचा, भरपूर बटाटे घालून, असं ठरवूनच तिनं दार उघडलं.

बाबा मेजापाशी बसले होते. केस विंचरलेले, गळ्यात टाय.

"चुकामूक झाली तुझी," ते म्हणाले. "आत्ताच गेला तो."

"कोण?"

"तो लाजरा. फार सभ्य माणूस गं! हॅट काढून हातात धरली होती. थंडीनं पार निळा पडला होता बिचारा. दहादा म्हटलं, आत या, आत या."

"माझी शपथ घातली होती ना!"

"घातली होती का?" बाबा गोंधळले. "पण आला नाही गं आत. नुसता असा करत राहिला." आणि म्हाताऱ्यानं हात पुढे केला. तळवा वर, बोटं दाराबाहेर, जिन्याकडे. तो हात ग्रासिंदानं इतकी वर्षं रोज बघितला होता.

तिच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. येणं हे त्याचं कामच नव्हतं. त्याला एकच काम येत होतं, आमंत्रण करायचं. तिनं त्याला पत्ता दिला, आणि तो पत्त्यावर येऊन आपलं काम करून गेला.

"तुम्ही काय म्हणालात, बाबा?"

"मी काय म्हणणार? कुणी इतक्या अगत्यानं बोलावलं तर तोंडावर नाही म्हणतात का? म्हटलं, आज नको, मुलगी घरी नाही. रविवारी येतो. दोघंही. नक्की."

६

शनिवारी तिनं महालात फोन लावला.

"तो जागेवर आहे का?"

"कोण?" ओलेगारिओनं विचारलं.

"सेन्योर कोंव्हीत!"

"कुठे जाणार? टाइल आहे ती."

"नीट बघा. पानं आहेत अंगावर?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पानं कसली? लखलखीत निळा आहे. हसतोय."

"तो हसत नाही, सेन्योर ओलेगारिओ."

"मग मीच हसत असेन," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारचा बेत तिनं साधा केला. न्यायला आला आणि पाहुणेच घरी नसले, तर आमंत्रण करणारा करणार काय? सकाळीच बाबांना हॅट घालून, हाताला धरून खाली उतरवलं. टॅक्सीनं धक्क्यावर, तिथून बोटीनं नदीपल्याड. बाबा बोटीत पोरासारखे पुढे जाऊन बसले. सगळं शहर मागे उन्हात उभं होतं. देवळाचे दोन बुरूज, कार्मोचा बिनछपराचा मठ, वर किल्ला. आपण रोज झापतो त्या सगळ्या इमारती इथून किती शहाण्यासारख्या दिसतात, असं ग्रासिंदाला वाटलं.

पलीकडे धक्क्यालगत निखाऱ्यावर सार्डिन मासे भाजत होते. बाबांनी पावावर ठेवून हातानं खाल्ले, तेल कोपरापर्यंत गेलं. लाल वाइनचा अर्धा ग्लास घेतला आणि शेजारच्या मेजावरच्या अनोळखी कुटुंबाला ट्राम उतारावर कशी रोखायची ते डाव्या हातानं करून दाखवलं. त्या कुटुंबाला निघताना म्हणाले, "या ना एकदा घरी!"

"बाबा!" ग्रासिंदा ओरडली. मग दोघंही हसत सुटली. ते कुटुंबही हसलं आणि 'येऊ, येऊ' म्हणत गेलं. जगातली सगळी माणसं अशी असती तर काय बिघडलं असतं!

ऊन कलताना ती दोघं परतली. दोना इदालिना दारातच होत्या.

"कुणी आलं होतं का?" ग्रासिंदानं विचारलं.

"चिटपाखरू नाही. रविवारचं कोण येतंय!"

तिनं सुस्कारा सोडला. बाबांना धरून एकेक पायरी चढवली. भिंतीवर पानं होती, सगळीकडे, जशी तिच्या लहानपणापासून होती. रविवार जवळपास संपला होता. तिनं पिशवीतून चावी काढली आणि कुलपात घातली.

ती फिरवायच्या आधीच दार आतून उघडलं.

पहिल्यांदा वास आला. त्यांच्या घराला कांद्याचा आणि ओल्या छत्र्यांचा वास असायचा. हा मेणाचा होता, घासलेल्या जुन्या लाकडाचा, थंड दगडाचा. जिथे अरुंद बोळ आणि बाबांची कोट टांगायची खुंटी असायला हवी, तिथे वरून उजेड येत होता, आणि त्या उजेडात पायऱ्या होत्या. रुंद. दाराच्या कडेला एक बाही दिसली. पांढऱ्यावर निळ्या रेघांची, आणि मधून चौकोनी सांधे गेलेली. ग्रासिंदानं बाहीच्या वर बघितलं नाही.

बाबांनी मात्र बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. हॅट काढून ते म्हणाले, "म्हटलं होतं ना रविवारी? आलोच की! येऊ का?" आणि एक पाय आत टाकला.

ग्रासिंदानं त्यांचं कोपर घट्ट धरलं. ओढलं असतं तर म्हातारा कोसळला असता. ओरडली असती तर? कुणावर ओरडणार, आणि काय म्हणून? आमंत्रण तिनं दिलेलं, शब्द बाबांनी दिलेला. अदबीनं सुरू झालेल्या गोष्टीतून अदबीनंच बाहेर पडता येतं, हे तिला माहीत होतं. मग तिला तो शब्द आठवला. निघतानाचा.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पाय इकडे करा. जिन्याकडे. माझ्यासारखे."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. लेकीचं ऐकायची सवय होती. आत टाकलेला पाय त्यांनी गुडघ्याला धरून उचलला आणि फिरवला. चारही बूट आता खाली, दोना इदालिनांच्या वाटाण्यांकडे, गल्लीकडे तोंड करून उभे होते. एखाद्या आंधळ्यालाही कळावं, की ही माणसं चालली आहेत.

ग्रासिंदानं मान तिरकी केली, जशी ती जन्मभर करत आली होती, आणि जेवढा गोडवा अंगात होता तेवढा आवाजात ओतला.

"फार बरं वाटलं हं. आता उशीर झाला. येऊ का?"

तेव्हा तिनं वर बघितलं, एकदाच. त्याचे डोळे सरळ समोर रंगवलेले होते. खाली, कुणाच्या बुटांकडे, बघायची सोय चित्रकारानं ठेवलेलीच नव्हती.

बशीवर बशी ठेवावी तसा बारीक आवाज झाला, आणि तो हात आतल्या रुंद पायऱ्यांकडे वळला.

"बघ," बाबा आनंदानं म्हणाले आणि तिचा हात धरून परत वळले, "या म्हणतोय."